बिनधुराचा कोळसा

बायको गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं अगरबत्तीचा पुडा आणला. एक काडी लावून गप्प बसलं असं कुणी केलं नाही. मूठभर काड्या एकदम पेटवायच्या, तिच्या फोटोपुढं खोचायच्या आणि मग डोळे चोळत माझ्याशेजारी येऊन बसायचं. ज्या बाईला श्वास पुरला नाही, तिच्यापुढं हा धुराचा कारखाना. शेवटी सगळे पुडे उचलून मी उकिरड्यावर टाकून आलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं.

तिला छातीचं दुखणं होतं. डॉक्टरनं तिला विचारलं, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला, मिश्री लावता का, घरात गुरं बांधता का. ती म्हणाली, "सगळंच केलंय बाबा. आता त्यातलं काय काय काढून टाकतोस ते सांग." डॉक्टर हसला आणि त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

शेवटच्या दिवशी ती नव्या खोलीत होती. आमचं जुनं घर कौलारू. भिंत संपते आणि कौलं सुरू होतात तिथं वीतभर फट असायची. तिथून धूर जायचा, चिमण्या यायच्या, पावसाचे तुषार यायचे. मुलाला ते गबाळं वाटायचं. त्यानं शेजारी स्लॅबची खोली बांधली. गुळगुळीत भिंती, त्यांना चकचकीत ऑइलपेंट, सरकत्या काचांची एक खिडकी आणि त्या खिडकीच्या चौकटीला चहूबाजूंनी सिलिकॉन, का तर मुठा खोऱ्यातला पाऊस आडवा येतो. मुंगी आत शिरणार नाही अशी खोली. मी म्हटलं, ही काय खोली आहे का डबा आहे? मुलगा म्हणाला, "आबा, पुण्यात असंच असतं."

तर त्या डब्यात ती पडली होती आणि बोट करून खिडकी मागत होती. मी काच सरकवली. माझी थोरली बहीण उशाशी बसली होती, तिनं लावली. म्हणाली, "पाऊस बघ कसा हाय. वारं लागंल तिला." मी परत सरकवली. तिनं परत लावली. या सरकवासरकवीत ती गेली.

खिडकीमुळं गेली असं मी म्हणत नाही. तिच्या छातीत काही उरलंच नव्हतं. पण हात लांब केला की मिळणारी एक गोष्ट तिनं मागितली आणि ती तिला मिळू दिली नाही. त्या दिवसापासून मी आक्काशी बोलणं टाकलं. दहाव्याला ती समोर बसली होती, मी पान उलटं करून उठलो.

त्यानंतर वर्षानं नात बाळंतपणाला आली. नात शिकलेली. हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसते, भूगावला फ्लॅटमध्ये राहते. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली आणि त्याच डब्यात बाज टाकली, कारण घरातली तेवढीच एक खोली गळत नव्हती.

आमच्या आळीतल्या सगळ्या बाळंतिणींना न्हाऊमाखू माझ्या बायकोनं घातलं. तिचा हात होता त्याला. आता ती नाही. सुनेला ते येत नाही आणि येत नाही हे ती कबूलही करते, तेवढा एक गुण तिच्यात आहे. तिनं मला न विचारता ताम्हिणीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी आक्का पोराच्या टेम्पोतून उतरली. तिच्या पोराचा ताम्हिणीच्या रस्त्याला ढाबा आहे. हातात गाठोडं, गाठोड्यात ओवा, शेपा, वेखंड आणि वर्षभर साठवलेली लसणाची सालं. मी ओसरीवर होतो. माझ्याकडं न बघता आत गेली. मीही बघितलं नाही.

तिची पद्धत ताम्हिणीची. तिथं पाऊस असा पडतो की समोरचं घर दिसत नाही, त्यामुळं तिथली बाई आधी घर बंद करते आणि मग कामाला लागते. आक्कानं पहिल्या सकाळी पोरीला आणि बाळाला न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी सरकवली, गोवऱ्यांच्या इंगळावर ओवा आणि लसणाची सालं टाकली आणि दार लावून घेतलं. पावसाळ्यातल्या गोवऱ्या, त्या ओल्या. दाराखालून धूर ओसरीवर यायला लागला. आत नात खोकत होती, बाळ रडत होतं.

दारावर थाप मारून मी ओरडलो, "आक्के, पोर हाय का बोंबील हाय ती? भाजतीयास काय?"

वर्षभरानं तिच्याशी बोललो ते हे.

ती आतनंच म्हणाली, "तुला काय कळतंय बाळंतपणातलं? तुझी पोरं झाली तवा तू रानात हुतास."

"रानात हुतो म्हणून वाचलो. दार उघड."

"सोयर हाय. गडी माणसानं दाराशी यायचं न्हाई."

योगायोगानं त्याच दुपारी आरोग्य केंद्रातली नर्सबाई बाळाचं वजन करायला आली. तिनं नाक दाबलं आणि स्वच्छ सांगितलं, "आजी, खोलीत धूर करायचा नाही. हवा खेळती ठेवा." आक्कानं मान हलवली. मला वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं. आमच्याकडं हवा आणि वारं या दोन वेगळ्या चीजा आहेत. हवा चांगली. हवा खायला म्हणून पुण्याची माणसं मुठ्याला बंगले बांधतात आणि शनिवारी येऊन तिथं एसी लावून झोपतात. वारं मात्र वाईट. वारं कानात शिरतं, सांध्यात शिरतं, बाळंतिणीला लागलं तर तिला उठू देत नाही. आता बाहेरची हवा खिडकीतून आत आली की तिला आमच्या बायका वारं म्हणतात. म्हणजे नर्सबाईनं हवा खेळती ठेवा म्हटल्यावर आक्काला ते ऐकू आलं, पण खिडकी उघडा असं काही ऐकू आलं नाही. धूर करायचा नाही, एवढं मात्र तिनं पक्कं धरलं.

संध्याकाळी टेम्पो परत आला. आक्काच्या पोरानं एक पोतं उतरवलं. आक्का सुनेला सांगत होती, माझ्या कानावर पडावं अशा आवाजात, "हा ढाब्यावरचा कोळसा. तंदूरला लावत्यात. पेटला की लाल हुतो आन् धूर म्हणशील तर इवलासा न्हाई. आता कुणाच्या नाकाला झोंबतंय ते बघते मी."

दुसऱ्या दिवसापासून खरोखर धूर नाही. खोली स्वच्छ. नर्सबाई असती तर तिनं शाबासकी दिली असती. मी सुनेला म्हटलं, खिडकी तरी उघडी ठेवायला सांग. ते आत पोचलं आणि उत्तर घेऊन आक्का स्वतः बाहेर आली.

"धूर हाय का?"

"न्हाई."

"वास हाय का?"

"न्हाई."

"मग खिडकी कशाला पायजे तुला? आत काय कोंडलंय ते भायेर सोडायचंय?"

सात बुकं शिकलो असतो तर याचं उत्तर आलं असतं कदाचित. मी चौथीत शाळा सोडली. एवढंच म्हणालो, "बंद खोलीत मला जीव घाबरा हुतो."

"तू आत हायेस कुटं? तू ओसरीवर हायेस," असं म्हणून ती आत गेली आणि मला खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला.

मग नातीचं डोकं दुखायला लागलं. सकाळचा शेक झाला की दुखायचं, दुपारी थोडं उतरायचं, संध्याकाळच्या शेकाला परत. एकदा तिला उलटी झाली. आळीतल्या बायका बाळंतिणीला बघायला येऊन दारातूनच परत जात होत्या, त्यांनी एकमुखानं सांगितलं, वारं लागलं. कुठून लागलं? म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी दारावर थापा मारल्या, तेव्हाच शिरलं असणार. म्हणजे माझ्यामुळं. आक्कानं त्यावर उपाय केला तो म्हणजे खिडकीच्या सरकत्या काचांमध्ये जी बारीकशी फट राहते तीही चिंध्या कोंबून बंद केली, दाराखाली गोधडी लावली आणि शेगडी जास्त वेळ ठेवली. दुखणं जास्त, शेक जास्त. शेक जास्त, दुखणं जास्त.

नात दारातून म्हणाली, "आत्याआजी, आपण डॉक्टरला फोन करूया का? खूप हेडेक होतंय."

"अंग मोकळं हुतंय बाई. पहिलटकरणीला हुतंच. डॉक्टर काय, लिहून देईल गोळी आन् दूध आटंल."

बाळाबद्दल तर सगळ्या खूष. पहिल्या दिवशी धुरात रडणारं पोर आता रडत नव्हतं. दूध दोन घोट प्यायचं की झोपायचं. आक्का सुनेला म्हणाली, "लई शांत पोर. पणजीवर गेलंय." माझी बायको शांत नव्हती. भांडण काढलं तर तिचा आवाज नदीपलीकडं जायचा. पण मेलेल्या माणसाला शांत करून टाकायची लोकांना घाई असते.

मला शंका आली ती आक्कावरूनच. ती शेक देऊन बाहेर यायची तेव्हा डोक्याला फडकं करकचून बांधलेलं असायचं. ओसरीच्या कडेला बसायची, सून चहा द्यायची. एका सकाळी मी विचारलं.

"डोक्याला काय झालंय?"

"उठलंय."

"कवापास्नं?"

"तुला काय करायचंय? वर्सभर गप हुतास तेच बरं हुतं."

ती चहा प्यायली. पाऊस अंगणात कोसळत होता, ओसरीवर गार वारं होतं. थोड्या वेळानं तिनं फडकं सोडून मांडीवर घेतलं.

"उतारलं?"

"उतारलं. च्यात आलं हुतं म्हणून."

दुसऱ्या सकाळी पुन्हा फडकं बांधूनच बाहेर आली. त्या दिवशी घरात आलं संपलं होतं, चहा साधा होता. तरी डोकं उतरलं. मी बघत बसलो. आक्काला ना बाळंतपण झालं होतं, ना पहिलटकरीण होती ती, ना तिचं अंग मोकळं होत होतं. आत गेली की हिचं डोकं चढतं, ओसरीवर आली की उतरतं. मग दुखणं डोक्यात नाही. दुखणं खोलीत आहे.

मी तसंच बोललो. "आक्के, तुझ्या डोक्यात काय न्हाई. त्या खोलीत हाय काय तरी."

"व्हय, तुझी बायको बसलीया तितं," ती म्हणाली. चिडून म्हणाली, विचार करून नाही. पण म्हणाली.

मी उठलो आणि सरळ खोलीच्या दाराशी गेलो. आक्का मागून आली, "सोयर हाय, आत जाऊ नगंस, देवाला चालत न्हाई." मी म्हटलं, "देवाला माझं नाव सांग." दाराखालची गोधडी पायानं सारली आणि आत शिरलो.

आत धूर नव्हता. ओव्याचा बारीक वास, अंगाला चिकटणारी ऊब, बाजेखाली लालभडक शेगडी. इतकी नीटनेटकी खोली की कुणी बघितली असती तर म्हटलं असतं, चुकतंय कुठं. नात उताणी पडली होती, गाल लाल. मला बघून उठायला गेली तर मान उचलेना. "आबा" म्हणाली, पुढचं तिला आठवेना. बाळ कुशीत, डोळे मिटलेलं. मी त्याच्या तळव्याला टिचकी मारली. पोर पाय आखडून घेतं ना, तसं त्यानं काही केलं नाही.

शेगडी धोतराच्या सोग्यानं धरली आणि अंगणात पावसात भिरकावली. खिडकीच्या फटीत कोंबलेल्या चिंध्या ओढल्या. त्या चिंध्या नव्हत्या. माझ्या बायकोचं हिरवं लुगडं होतं, फाडून केलेलं. त्यावर तेव्हा भांडायला वेळ नव्हता. कडी गच्च बसली होती, सरकेना. मग काच खालून उचलून चरातूनच काढली आणि भिंतीला टेकवली. सुनेला ओरडून सांगितलं, "पोरीला भायेर वढ." बाळ मी उचललं. ओसरीच्या टोकाला, जिथं पावसाचा सपकारा येतो तिथं नेऊन उभा राहिलो. आक्का कपाळाला हात लावून म्हणत होती, "मारतोय हा लेकराला, गारठ्यात मारतोय." आणि खरं सांगतो, त्या घडीला मला माहीत नव्हतं कोण मारतंय, ती की मी. बाळाच्या तोंडावर पाण्याचे थेंब पडत होते. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि रडलं. कर्कश रडलं. ते तोंड आणि तो आवाज पणजीचा होता.

मुलगा गाडी घेऊन आला, आम्ही पौडला गेलो. दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होता. त्यानं सांगितलं, बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते आणि माणूस झोपेतच राहतो. गोवरी जळली तरी तो होतो, पण धुरामुळं माणूस खोकत बाहेर तरी पळतं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आजोबा, घरात शिकलेलं कुणीच नव्हतं का?"

मी म्हटलं, "हाय की. ती बघा, खाटंवर निजलीया. कॉम्प्युटर शिकलीया."

नात मास्कच्या आत हसली. तेव्हा मला कळलं ती वाचली.

दोघींना घरी आणायच्या आधी मी गवंडी बोलावला आणि डब्याला स्लॅबखाली समोरासमोर दोन झरोके पाडून घेतले. मुलगा म्हणाला, "आबा, खोलीचा शो जाईल." मी म्हटलं, शो बघायला माणूस जिवंत लागतं. कपाट भिंतीपासून ओढलं तर मागं काळी बुरशी, हाताच्या पंजाएवढी. खोलीत ओले कपडे वाळत घालतात, ती वाफ जाणार कुठं? भिंत खरवडून घेतली, चुना मारला. कपड्यांची दोरी ओसरीवर नेली. डासांची कॉइल, डांबराच्या गोळ्या, फवाऱ्याचा सेंट, सगळं एका पिशवीत भरून बाहेर काढलं. डासांना मच्छरदाणी आहे. सूनबाईला म्हटलं, फोडणी देताना खिडकी उघड, घरभर ठसका नको. ती म्हणाली, "मामा, आता श्वास घ्यायला पण तुम्हाला विचारू का?" मी म्हटलं, विचार.

नातजावयानं भूगावहून हवा साफ करायचं मशीन पाठवलं. दिवा हिरवा असला की चांगली, लाल असला की वाईट. त्याला फोनवर विचारलं, कोळशाचा वायू ह्यात अडकतो का? म्हणाला, "नाही आबा, ते धुळीसाठी असतं. आणि चालू असताना खिडक्या बंद ठेवायच्या." मी म्हटलं, मग घेऊन जा बाबा, खिडक्या बंद ठेवणारी एक आधीच आहे आमच्याकडं.

ती अजून होती. दोघींना घेऊन दवाखान्यातून आलो तेव्हा आक्का गाठोडं बांधून ओसरीवर बसली होती, पोराच्या टेम्पोची वाट बघत. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, कुणी थांब म्हटलं नव्हतं. नात आणि बाळ आत गेली. मी लांब बसलो. ती म्हणाली, "मी मारली असती का रं तिला?"

"व्हय."

मी सारवासारव केली नाही. मग ती म्हणाली, "आन् वयनीला?"

"तिला न्हाई. ती जाणारच हुती. पण तिनं खिडकी मागितली हुती."

"मला वाटलं तिला थंडी वाजतीया. हात माझ्या हातात हुता तिचा. बर्फावानी गार हुता. मी काय करणार हुते?"

हे मला माहीत नव्हतं. मी खिडकीपाशी होतो, बायकोचा हात आक्काकडं होता. मी म्हटलं, "लुगडं का फाडलंस?"

"मऊ हुतं. पोरीच्या उशाला तिचं काय तरी आसावं म्हणून."

"उशाला न्हाई, खिडकीत हुतं ते."

"चुकलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो शब्द तिच्या तोंडून. मला त्यानं बरं वाटलं नाही. राग होता तिथंच राहिला, फक्त त्याला टेकायला जागा राहिली नाही.

आतून नातीनं हाक मारली, "आत्याआजी, बाळाला तेल कोण लावणार? मला भीती वाटते."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जा. शेगडी न्हाई, कडी न्हाई. हात तेवढा लाव."

"आन् आजारी पडली म्हंजी?"

"डॉक्टर हाय."

गाठोडं तिथंच टाकून ती गुडघ्यावर हात ठेवत उठली. उघड्या दारातून मला दिसत होतं, खिडकीकडं पाठ करून ती फतकल मारून बसली, बाळाला पायांवर घेतलं, टाळूवर तेल घातलं. बाळ शिंकलं. आक्कानं लगेच मान वळवली.

"शिंकली बघ."

"शिंकंल की. मेलेलं शिंकत न्हाई."

"तोंड बघ कसं हाय मेल्याचं. लेकरासमोर बोलायची रीत हाय का?" असं म्हणून तिनं बाळाचं नाक चिमटीत धरून वर ओढलं, सरळ व्हावं म्हणून, आणि पोरगी अशी बोंबलली की टेम्पो घेऊन आलेला तिचा लेक फाटकातच थांबला.

"जा परत," मी त्याला म्हटलं. "ती न्हाई येत आज."